कुंपणाजवळचा गुलाब

“भाऊजी, काय करून बसलात हे!” कुंपणापलीकडून शेजारच्या वहिनी म्हणाल्या.

निवृत्त ग्रंथपाल हातात झारी घेऊन तसेच उभे राहिले. थंडी सरली होती. बागेत जिकडेतिकडे पालवी होती आणि गुलाबालाही हातभर फुटवे आले होते. सकाळपासून ते त्यांच्याकडेच कौतुकानं बघत होते.

“पुस्तकात बघूनच छाटणी केली,” ते चाचरत म्हणाले. “फूट तर जोरात आहे.”

“जंगली फूट आहे ती. कलमाच्या जोडाखालून कापलंत तुम्ही. वरचा गुलाब सगळा गेला. आता त्याचं ते फूल काही यायचं नाही.”

वहिनी आत गेल्या. ग्रंथपाल मात्र हलले नाहीत.

तो गुलाब त्यांच्या मुलानं लावला होता, नऊ वर्षांचा असताना. त्याच वर्षी तापाचं निमित्त झालं आणि मुलगा गेला. त्याला तेवीस वर्षं झाली. बायको रोज सकाळी आधी त्या झाडापाशी जायची, मग चहाचं आधण ठेवायची. खोड अजून अंगठ्याएवढंच होतं. मुलगाही नऊ वर्षांचाच राहिला होता, त्यामुळे ग्रंथपालांना त्यात कधी काही वावगं वाटलं नव्हतं.

बायको महिनाभर हॉस्पिटलमध्ये होती. दुपारी तिचा फोन आला.

“अहो, उद्या सोडतायत मला. गुलाब कसा आहे?”

“फुटलाय.”

“हात नाही ना लावलात? तुमच्या हाताला फक्त पुस्तकं जगतात.”

“नाही गं.”

छत्तीस वर्षांच्या संसारात इतकं धडधडीत खोटं ते पहिल्यांदाच बोलले. पण काय करणार? हिच्या हृदयाला धक्का सोसायचा नाही, असं डॉक्टरांनी बजावून सांगितलं होतं.

फोन ठेवला आणि ते तडक गावाबाहेरच्या नर्सरीत गेले. मोबाइलमधला गेल्या वर्षीच्या फुलाचा फोटो त्यांनी म्हाताऱ्या नर्सरीवाल्यापुढे धरला.

“अगदी असाच पाहिजे. आजच.”

“हा होय? जुनी जात आहे. आता कुणी विचारत नाही. एका बाईंसाठी म्हणून एखादं कलम ठेवतो.”

“मला द्या ना ते. फार नड आहे हो.”

“न्या. त्यांचं मी पुन्हा बांधीन.” नर्सरीवाल्यानं कोपऱ्यातली कुंडी ओढून पुढे घेतली. “त्या येतात चार-पाच वर्षांनी. पोरानं लावलेलं झाड होतं म्हणे. पोर गेलं, आणि पाठोपाठ झाडही जळलं. माती वाईट, गुलाब टिकतच नाही तिथे. मग मरायला लागला की त्याच जागी दुसरा लावतात.”

ग्रंथपालांनी कुंडीला हात लावला नाही.

“घरी मालकांना अजून पत्ता नाही,” नर्सरीवाला म्हणाला. “बाई म्हणतात, त्यांचं पोर एकदा गेलं तेवढं पुरे.”