सुलभाबाईंच्या वाट्याची मुसळी

सफेद मुसळीच्या मुळीतल्या द्रव्यांनी रक्तातली चरबी उतरते का, हे १९९१ साली सिल्वासातल्या एका डॉक्टरांना पडताळायचं होतं. डोकमर्डीचे नारायणराव आणि सुलभाबाई या नवरा-बायको दोघांचीही चरबी वाढलेली. डॉक्टरांनी रोज दुधात घालून प्यायला एकाच्या डब्यात मुळीची पूड दिली, दुसऱ्याच्या डब्यात तांदळाचं पीठ. कुणाला काय, ते सांगितलं नाही.

आपल्याच पेल्यातलं दूध बुळबुळीत होतंय, म्हणजे खरी मुळी आपल्याकडे आलीय, हे सुलभाबाईंनी ओळखलं. त्या रोज आपला पेला नवऱ्यापुढे ठेवू लागल्या.

पावसाळ्यानंतर रक्त तपासलं, तर चरबी सुलभाबाईंचीच उतरलेली.

"असं कसं होईल, डॉक्टर? माझं दूध तर हेच प्यायचे," त्या रडवेल्या होऊन म्हणाल्या.



नारायणराव खाली बघत म्हणाले, "तू देवापाशी दिवा लावायला वळलीस, की मी पेले बदलायचो."