बाळंतिणीचे केस

"आज धुरी नाय घ्यायची," न्हाणीतून बाहेर येता येताच सोनालीनं सांगून टाकलं.

काशीबाई शेगडी घेऊन तयारच होती. निखारे फुललेले, वर टाकायची ओवा-उदाची पुडी पदराच्या गाठीला. पोलादपूरच्या वरच्या अंगाला असलेल्या त्या वाडीत सगळ्या बाळंतिणींना न्हाऊ घालणारी ही बाई. तिच्या हातची धुरी घेतल्याशिवाय ओलं डोकं आजवर उशीला टेकलं नव्हतं. तिनं सोनालीकडे बघितलंसुद्धा नाही.

"तुळशे, तुझी लेक काय म्हणते गो?"

तुळसाचं आपलं इकडे आड, तिकडे विहीर. बाजेवर ओंजळभर नातू निजला होता. महाडच्या दवाखान्यात त्याला काचेच्या पेटीत ठेवलं होतं, आणि घरी सोडताना डॉक्टरांनी बजावलं होतं की खोलीत धूर नको, छाती नाजूक आहे. पण बाळंतिणीचं डोकं ओलं राहिलं की दुधातून पोराला पडसं होतं, असं काशीबाई म्हणे, आणि तुळसाही त्यावरच वाढलेली. तिला दोन्हींची भीती वाटत होती.

"धूर पण नको नि ओलं पण नको," सोनाली म्हणाली. "म्हणूनच ह्यांनी मुंबईवरनं हा पाठवलाय."

तिनं बाजेजवळच्या बोर्डात ड्रायरची पिन खोचली आणि बटन दाबलं. खोलीभर घोंघाट झाला. बाळ दचकलं, मूठ हलवून पुन्हा निजलं.

"वाऱ्यानंच सुकवायचे तर बाहेर काय वारा कमी हाय?" काशीबाई दारातून म्हणाली. बाहेर श्रावणातला पाऊस पत्र्यावर ताशा वाजवत होता.

केस कमरेपर्यंत आणि भलते दाट. वरून सुकल्यासारखे वाटत, आत बोटं घातली की ओलेच. ड्रायर जवळ धरला की टाळू भाजे, लांब धरला की नुसताच आवाज. सोनाली तो या कानावरून त्या कानावर नेत होती आणि दर वेळी मान वळवून बाळाची छाती हलते ना ते बघत होती.

मध्येच सगळं गप्प झालं. तिनं बटन वर केलं, खाली केलं, पुन्हा वर, पुन्हा खाली.

"लाईट गेली," तुळसा म्हणाली. "घाटात झाड पडलं असंल. आता येते कसली."

तेवढ्यात बाळ शिंकलं.

"बघ," काशीबाई म्हणाली. एवढंच. सोनालीच्या पाठीवरून पाणी ओघळत होतं.

"आजी, शेगडी पडवीत घ्या. वर कायपण टाकू नका. मी तिथं बसते. आई, दार घट्ट लावून घे, धूर आत नको."

सोनाली पडवीत गेली. ड्रायर बाजेवर तसाच पडला होता. महागाची वस्तू, सर्द हवेनं बिघडायची, म्हणून तुळसानं तो बाळाच्या पायथ्याशी गोधडीच्या टोकात नीट गुंडाळून ठेवला आणि दार ओढून घेतलं.

पडवीत काशीबाईनं शेगडीवर वेताची पाटी उपडी घातली, तिच्यावर सोनालीचे केस पसरले. तुळसा सुपानं वारा घालू लागली. पाटीतून ऊब वर येत होती. मघापासून पहिल्यांदाच सोनालीचे खांदे सैल पडले.

पडवीतला दिवा लागला.

"आली गो," म्हणत तुळसानं सवयीनं दिव्याला हात जोडले. कुणी उठलं नाही.

मग करपट वास आला. सोनालीनं केस ओढून घेतले. "आजी, जळले माझे केस!"

काशीबाईनं एकेक बट नाकाशी धरली. तुळसानं पाटी उलटून बघितली.

"केस नाय गो हे," काशीबाई सावकाश म्हणाली. "कापड करपतंय."

सोनाली दारापर्यंत कशी पोचली ते तिलाही सांगता आलं नसतं. दार उघडलं तर आत धूरच धूर. गोधडीचं टोक धुमसत होतं आणि आत ड्रायर घरघरत होता. तिनं एका हातानं बाळ छातीशी घेतलं, दुसऱ्या हातानं बोर्डातली पिन हिसडली. काशीबाईनं गोधडी होती तशी, ड्रायरसकट, ओढत अंगणात, पावसात नेऊन टाकली.

पडवीत तिघी बाळाच्या तोंडाकडे बघत राहिल्या. ते गप्प होतं. मग त्यानं तोंड वासलं आणि असा काही टाहो फोडला की तुळसा भिंतीला टेकून खालीच बसली.

"मीच गुंडाळला गो," ती म्हणाली.

"बटन माझ्याकडनंच चालू राहिलं, आये." एरवी लग्न झाल्यापासून सोनाली तिला 'आये' सोडून 'आई' म्हणत होती.

काशीबाईनं पाण्याचा तांब्या घेतला आणि आपल्या शेगडीवर ओतला. निखारे चरचरले, विझले. मग ती सोनालीच्या मागं बसली आणि आपल्या लुगड्याच्या पदरानं तिचे केस टिपू लागली.

"सोने, पोराला दोन्ही हातांनी धर."

"धरलंय, आजी."

"दुसरा हात कुठं हाय?"

सोनालीनं खाली बघितलं. मुठीत पिन होती. तिची वायर पडवीतून पायरीवर, पायरीवरून अंगणात, भिजणाऱ्या गोधडीपर्यंत गेली होती.

"सोडते," ती म्हणाली.

काशीबाईचा पदर ओलाचिंब झाला, केस कोरडे होत आले, बाळ रडून रडून निजलं. पिन धरलेली सोनालीची मूठ तशीच होती.