सुकेळ्यांचा डबा

मधुमेह दोन्ही भावंडांना होता. सांडोरच्या वाडीतल्या केळ्यांची वाळवलेली गोड सुकेळी अँथनी येताजाता खायचा. लुईझा त्यांना शिवायचीही नाही. बिघडला मात्र लुईझाचा रिपोर्ट. "किडनीवर परिणाम झालाय," डॉक्टरीणबाई म्हणाल्या. "पण माझी साखर कायम आटोक्यात असते!" "म्हणूनच इतकी वर्षं निभावलं. हा धोका आनुवंशिकही असतो. एका भावंडाला येतो, दुसऱ्याला नाही. घरात आणखी कोणाला?" "आईला. किडनीनेच गेली. ती चोरून गोड खाते म्हणून मी सुकेळ्यांचा डबा कुलपात ठेवायचे." "खाताना कधी सापडल्या?" लुईझाने पर्सची चेन उगाचच उघडली, लावली. "नाही." नोव्हेंबरात, मृतांच्या स्मरणदिनी, दोघं आईच्या कबरीवर गेली. अँथनीने मेणबत्त्या लावल्या. लुईझाने पिशवीतून तोच भरलेला डबा काढला, झाकण उघडून क्रुसाच्या पायथ्याशी ठेवला. "झाकण लाव, मुंग्या लागतील," अँथनी म्हणाला. "राहू दे उघडाच," ती म्हणाली.