श्यामकांतांचा ॲम्प्लिफायर

“छोटा नको,” श्यामकांत म्हणाले. “माझ्या हेडफोनला ताकद लागते. मोबाईलवर नुसती कुजबुज येते.”

कॅम्प तीनच्या बाजारातल्या जयदेवच्या दुकानात काउंटरवर तीन ॲम्प्लिफायर मांडले होते. श्यामकांतांनी कापडी पिशवीतून आपले हेडफोन काढले. जाडजूड, भाच्यानं परदेशातून आणलेले. त्यांच्या मुलानं, अनीशनं, जयदेवकडे पाहिलं. बघ, मी म्हणालो नव्हतो का, असं त्या नजरेत होतं.

जयदेव अनीशचा शाळासोबती. त्याची बायको राजसी दुकानामागच्या खोलीत लोकांचे कान तपासायची, कानाची मशिनं द्यायची. अनीशनं गुरुवारी जयदेवला फोन केला होता. बाबांना ॲम्प्लिफायर हवाय, तर त्या निमित्तानं कानही तपासून घेऊ, पण त्यांना पत्ता लागता कामा नये. जयदेव लगेच हो म्हणाला. अनीशला फार समजावून सांगावंही लागलं नाही.

वर्षभर अनीश हे बघत होता. घरातल्या टीव्हीचा आवाज पंधरावरून तीसवर गेला होता. बाबा शेजारी बसूनही ओरडून बोलत. त्यांना हाक मारली तर आतल्या खोलीतून ‘ओ’ येत नसे. उठून बघायला जावं तर म्हणत, “दिली की ओ. दोनदा दिली.” म्हातारपणी माणूस हट्टी होतो, दुसरं काय. अंबरनाथच्या एमआयडीसीत त्यांनी तीस वर्षं काढली होती. ड्रॉइंग ऑफिसात का असेना, कारखाना तो कारखाना. कानांवर परिणाम होणारच.

आणि कानाचं नाव काढलं की ते उलटे अनीशवरच घसरत. “माझे चांगले ठणठणीत आहेत. आधी तुझे तपास.”

गेल्या महिन्यात मात्र हद्द झाली. दोघं सकाळी शिवमंदिराच्या रस्त्यानं चालले होते. बाबा एकदम अनीशच्या अंगावर कोसळले, दोघं कडेच्या भिंतीवर आपटले आणि हातभर अंतरावरून टेम्पो गेला. “बहरा है क्या?” ड्रायव्हर ओरडला. बाबांसाठी अनीशला फार वाईट वाटलं. भीतीही वाटली. आपण नसताना असं झालं तर? त्या दिवसापासून स्वतःच्या कारखान्यावर त्याचं लक्ष लागत नव्हतं. बारा वर्षं तो जीन्स शिवून घ्यायचा धंदा करत होता, एका पत्र्याखाली तीस शिलाई मशिनं, पण एक दिवसही असा वाया गेला नव्हता.

“काका, आत या,” राजसी म्हणाली. “एका मशीनवर बारीक बारीक आवाज येतील. आवाज आला की बटण दाबायचं. त्यावरून तुमच्या कानाला कुठला ॲम्प्लिफायर जुळेल ते कळतं.”

“वा. ही नवीन पद्धत दिसते.”

“नवीनच आहे, काका.”

श्यामकांत मुकाट्यानं आत गेले. अनीश काचेतून बघत राहिला. बाबा सारखं बटण दाबत होते. एकामागून एक, थांबायचं नाव नाही. उत्तर येत नसताना वर्गात हात वर करणाऱ्या पोरासारखं. अनीशला त्यांच्याकडे बघवेना.

“उगाच दाबतायत रे,” तो जयदेवला म्हणाला.

जयदेव वायरी गुंडाळत होता.

श्यामकांत बाहेर आले. “आता तू बस,” ते म्हणाले.

“मी कशाला, बाबा? घ्यायचाय तुम्हाला.”

“घरात तूही ऐकशील ना? एवढी वस्तू घ्यायची तर दोघांचं मत हवं. नाहीतर चल, राहू दे. घरी जाऊ.”

नाही म्हटलं असतं तर सगळा बेत फसला असता. अनीश आत जाऊन बसला. कानांवर हेडफोन चढवले. आवाज आले तसं त्यानं बटण दाबलं. मध्ये मध्ये बराच वेळ काहीच येत नव्हतं. राजसी पलीकडे काहीतरी जुळवत असावी. बऱ्याच दिवसांनी इतकी शांतता मिळाली होती, ती त्याला आवडली. बाबांचं एकदा मार्गी लागलं की चार दिवस कुठेतरी जाऊन यावं, असंही मनात येऊन गेलं.

झाल्यावर त्यानं दार लोटून घेतलं. बाहेर काउंटरवर बाबा मोठा ॲम्प्लिफायर लावून ऐकत बसले होते. डोळे मिटलेले, बोटं काचेवर ठेका धरून.

“सांगा आता,” अनीश म्हणाला. “कितपत आहे?”

राजसी कागदाकडे बघत काहीतरी बोलली.

“काय?”

तिनं खुर्ची वळवली आणि त्याच्या समोर येऊन बसली. कागदावरची रेघ उजवीकडे जाता जाता पार खाली उतरली होती.

“डावा जास्त गेलाय,” ती मोठ्यानं, सावकाश म्हणाली. “वर्षानुवर्षं मोठ्या आवाजात काम केलं की होतं असं. पण आता मशीन लावलं तर पुष्कळ फरक पडेल. उशीर नको.”

अनीशच्या डोळ्यांत पाणी आलं. इतकं असेल असं त्याला वाटलं नव्हतं. एवढं सोसून हा माणूस रोज एकटा फिरायला जात होता, आणि आपण टीव्हीच्या आवाजावरून त्याच्यावर चिडत होतो.

“मशीनला ते तयार होणार नाहीत, वहिनी. मी सांगून थकलो. तुम्हीच समजवा त्यांना. तुमचं ऐकतील.”

राजसीनं काचेबाहेर बघितलं. श्यामकांतांनी डोळे उघडले होते. हेडफोन हातात धरून ते इकडेच बघत होते.

“काकांना काय समजावू, भाऊजी?” ती म्हणाली. “मंगळवारीच ते एकटे येऊन गेले, तुमच्या तपासणीची वेळ घ्यायला.”