कुलपातली भांडी

ताईला स्वयंपाकाचं भारी वेड. सुरीला धार स्वतः लावायची, पितळी खलबत्ता सोन्यासारखा घासायची, बिडाच्या तव्यावर रोज तेलाचा हात फिरवायची. संध्याकाळी स्वयंपाक उरकला, की लाटण्यासकट सगळं कपाटात आणि कपाटाची किल्ली कमरेला.

"भांडी आहेत की दागिने गं?" चार दिवस राहायला आलेल्या धाकट्या बहिणीनं चिडवलं. "आणि हा लाकडी चमचा तेवढा बाहेर! सावत्र आहे वाटतं?"

फाटकाची कडी वाजली. ताईनं चमचा उचलून ओट्याच्या कडेला, आल्या आल्या दिसेल असा ठेवला.

"दाजी आले वाटतं. अगं ताई, चमचा तिथं कशाला?"

"हळू बोल. चिडले की त्यांच्या हाताला काहीतरी लागतंच. हा लवकर मोडतो."