दोन बशांवर एक फुकट

“ह्या काय चटणीच्या वाट्या आणल्या? जेवण कुठं हाय?” महादेवरावांनी वाढप्याला असं दरडावून विचारलं, की शेजारच्या टेबलावरची माणसं वळून पाहू लागली.

वाढप्यानं समजावलं, की भूमध्य समुद्राकडचे लोक असंच जेवतात. लहान लहान बशा मागवायच्या आणि सगळ्यांनी मिळून खायचं. शिवाय या महिन्यात दोन बशांवर एक फुकट. महादेवराव म्हणाले, मग तिकडचे लोक उपाशीच झोपत असतील.

समोर बसलेल्या सुभद्राबाई सारख्या स्वयंपाकघराच्या दाराकडे पाहत होत्या. मलकापूरच्या हायवेवरच्या या हॉटेलात त्यांनीच नवऱ्याला आणलं होतं. फुकट म्हटलं की हा माणूस दहा कोस चालत येईल, हे त्यांना पक्कं ठाऊक. हॉटेल कोणाचं, ते तेवढं सांगितलं नव्हतं.

तीन वर्षांपूर्वी सुवर्णानं, त्यांच्या एकुलत्या एका लेकीनं, धम्मरत्नशी लग्न केलं. जातीबाहेर केलं म्हणून महादेवरावांनी भरल्या भावकीत शपथ घेतली, की आता तिच्या हातचं पाणीही पिणार नाही. त्या दिवसापासून तिला घराचं दार बंद. महाहट्टी माणूस, बोलला की संपलं. म्हणून मायलेकींनी मिळून हा बेत शिजवला. हॉटेल सुवर्णा-धम्मरत्नचंच. धम्मरत्नला सामान आणायला नांदुऱ्याला पिटाळलं होतं आणि आत शेगडीपुढे सुवर्णा उभी होती. बापानं नकळत का होईना, तिच्या हातचं पोटभर खाल्लं, की शपथ मोडली. मग पोरीला घरी न्यायला सुभद्राबाई मोकळ्या.

पण महादेवराव खायचं सोडून खुसपटं काढत बसले. भिंतीला ओल आली म्हणाले. उठून मोरी पाहून आले. मागे जाऊन पाण्याची टाकीसुद्धा पाहून आले. अरे, माणसानं नावं ठेवावीत तरी किती! सुभद्राबाई मनातल्या मनात चरफडल्या.

“थंडं होऊन राह्यलं. खा ना आता,” त्या म्हणाल्या.

“तुले काऊन एवढी घाई?”

त्यांनी चण्याच्या वाटणात रोटीचा तुकडा बुडवला. बेचव आहे म्हणाले आणि दुसरा तुकडा मोडला. भाजलेल्या वांग्याची बशी आली, तिला आपल्या भरताची सर नाही म्हणत तीही निपटून काढली. मग पनीर, मग डाळीचे वडे. शिव्याही चालू आणि हातही चालू. सुभद्राबाईंना हसू आवरेना. शेवटची बशी तर महादेवरावांनी बोटानं पुसून घेतली.

आता सुभद्राबाईंना राहवलं नाही. “रागावू नका. हे समदं आपल्या सुवर्णाच्या हातचं होतं.”

महादेवरावांनी सावकाश तोंड पुसलं. “मालूम हाय मले. बलाव तिले.”

सुवर्णा ओले हात पुसत बाहेर आली. बापापुढच्या रिकाम्या बशा पाहून तिचे डोळे भरून आले. सुभद्राबाईंनीही पदर डोळ्यांना लावला. इतकी वर्षं जीव जाळला, पण आज सुटलो एकदाचे, असं त्यांना वाटलं.

“मोडली ना शपथ तुमची?” त्या म्हणाल्या.

“कायची मोडली? लेकीच्या हातचं मी खात नाही.” महादेवराव उठले आणि पहिल्यांदाच सुवर्णाकडे पाहून बोलले, “भाडेकरूच्या हातचं खाल्लं. हा गाळा परवा मी विकत घेतला. महिनाअखेरीले खाली कर.”