हॅकरची करंगळी

"काहीही बडवा आक्का, फक्त जोरात बडवा!" दिग्दर्शक ओरडला.

आक्का कीबोर्डसमोर बसली होती. राजारामपुरीत उभं आयुष्य टायपिंगचा क्लास चालवलेली बाई. सिनेमातला हिरो म्हणे जगातला एक नंबर हॅकर, आणि त्या बाबाला एक कळ शोधायला चष्मा लागायचा. म्हणून तोंड त्याचं आणि बोटं आक्काची, असं ठरलं. हिरोचं काळं जर्किन तिला चढवलं. बांगड्या बाहीत कोंबल्या.

"अवो, पण ते पासवर्ड न्हाई विचारत व्हय?"

"सिनेमात नसतं विचारत! दहा सेकंदांत बॉम्ब बंद झाला पाहिजे. हिरवी अक्षरं आम्ही नंतर चिकटवतो."

आक्कानं जरा विचार केला आणि बोटं सोडली.

सिनेमा लागला तेव्हा अख्खी गल्ली थेटरात लोटली. माईसुद्धा आली. माई म्हणजे आक्काची धाकटी बहीण, क्लासातली दुसरी मास्तरीण. आक्कानं तिला न विचारता जुने टाइपरायटर भंगारात घातले, तेव्हा माई जी तणतणत मलकापूरला भाचीकडं गेली ती गेलीच. फोन उचलेना, निरोप ऐकेना. इकडं आक्का रोज तिची रिकामी खुर्ची पुसायची. काय म्हणावं या बायकांना! शेवटी भाची भैरवीनंच माईला ओढून आणलं, तेही अटीवर.

"शेजारी बसणार न्हाई. तोंड बघायचं न्हाई मला तिचं."

मग ती बसली पार मागं, आक्का पुढं.

पडद्यावर बॉम्बचं घड्याळ उलटं पळत होतं. हिरव्या अक्षरांची नुसती पळापळ. हिरोला घाम फुटलेला, पण माउसला हात लावायचं नाव नाही. आणि मग पडदाभर बोटं! पोरांनी शिट्ट्या हाणल्या.

माईनं नाक मुरडलं. क्लासात बाकांमधून फिरताना नुसती बोटं बघून कुणाचं काय चुकलं ते सांगणारी बाई ती. करंगळी आळशी म्हणून आक्कालाही रोज बोलायची. बघता बघता तिची बोटं मांडीवरच्या पर्सवर आपसूक हलायला लागली, पडद्यावरच्या बोटांमागोमाग. एकदा. परत तेच. परत तेच. नव्या पोरीला घोटायला दिलेल्या ओळीसारखं.

माई घरी ये. माई घरी ये. माई घरी ये.

बॉम्ब बंद पडला. थेटर टाळ्यांनी दणाणलं. माईचे डोळे भरून आले होते. ती तशीच उभी राहिली आणि पुढच्या रांगेपर्यंत ऐकू जाईल अशी ओरडली,

"येतो की गं आक्का! पण आधी ती करंगळी उचल, अजून लोळतीयाच बघ!"